जहाज आणि तीन सेंटिमीटरची लहर

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘विशाखापट्टणम’ ही १६३ मीटर लांबीची विनाशिका नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्या बाजू कलत्या आहेत त्या दिसण्यासाठी नव्हे. रडारची लहर आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे वळावी, हा त्यामागचा हेतू. पण परत जाईल ती किती, हे बांधणीआधीच कसे सांगायचे? दहा गिगाहर्ट्‌झच्या रडारची तरंगलांबी जेमतेम ३ सेंटिमीटर, म्हणजे जहाज तिच्या पाच हजार पटींहून लांब. मॅक्सवेलची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून हाताशी आहेत; घोडे अडते ते आकारापाशी. हे कोडे जेवढे सुटले, ते यंत्राच्या ताकदीपेक्षा काय मोजायचे नाही हे कळल्यामुळे, असे माझे मत आहे.

सरळ मार्ग हॅरिंग्टनच्या १९६८च्या ग्रंथाने रूढ केला: पृष्ठभागाचे बारीक तुकडे करा, प्रत्येकावरचा विद्युतप्रवाह अज्ञात माना. राव, विल्टन व ग्लिसन यांनी १९८२ मध्ये त्रिकोणी तुकड्यांची सोय करून दिली. मात्र तरंगलांबीमागे दहा तुकडे धरले, तरी एका चौरस मीटरला लाखावर अज्ञाते होतात. प्रत्येक तुकड्याचा इतर प्रत्येकावर परिणाम, म्हणून तेवढ्याच पत्र्याची सारणी सुमारे दोनशे गिगाबाइटची! महासंगणक कशाला आहेत मग, असे कोणी विचारील. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्येच ‘परम ८०००’ उभा केला होता. पण वारंवारता दुप्पट केली की अज्ञाते चौपट, सारणी सोळापट आणि थेट सोडवणुकीचे काम चौसष्टपट होते. हजारपट वेगवान यंत्र आणले, तरी वारंवारता जेमतेम तिप्पट वाढवता येते.

दुसरी वाट लहरीला किरण मानण्याची. केलरने १९६२ मध्ये कडांवरून वळणारे किरण हिशेबात घेतले. कूयूमजियान आणि प्रभाकर पाठक यांनी १९७४ मध्ये ते सूत्र सावलीच्या सीमेवरही टिकेल असे केले. सोव्हिएत उफिम्त्सेव्हचे कडांवरचे काम तर अमेरिकेच्या रडार चुकवणाऱ्या एफ-११७ विमानाच्या कामी आले. ते विमान सपाट पैलूंचे झाले, कारण तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभाग झेपत नव्हते. मात्र पोकळीत शिरून पुन्हापुन्हा आपटणाऱ्या लहरीपुढे किरणांचा हिशेब डगमगतो.

कोंडी फोडली ती रॉखलिन आणि ग्रीनगार्ड यांच्या १९८७च्या कल्पनेने. टपाल पोचवायचे, तर दापोरा गावाच्या प्रत्येक घरातून बुऱ्हाणपूरच्या प्रत्येक घरी वेगळा माणूस धाडायचा नाही. टपालाची एकच थैली न्यायची आणि तिकडे वाटायची. दूरच्या तुकड्यांचा परिणाम असा गटागटाने पोचवला की पूर्ण सारणी मांडावीच लागत नाही. लहरींसाठी ही युक्ती रॉखलिनने पुढे नेली. इलिनॉयमध्ये च्यू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिला अनेक पातळ्या दिल्या. आता वारंवारता दुप्पट झाली, तर काम चौपटीहून थोडेच वाढते.

हेही अदमासेच ना, असा आक्षेप येतो. आहे, पण इथे चूक किती चालेल हे आधी ठरवता येते, किरणांच्या हिशेबात ती मुभा नसते. गोलाचे नेमके उत्तर गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्येच दिले असल्याने नवी आज्ञावली आधी त्यावर पारखून घेता येते. तरीही किरणांना मोडीत काढणे मला पटत नाही. सपाट बाजूंना किरण आणि डोलकाठी, अँटेना, खाचा यांना नेमकी पद्धत, ही वाटणी अधिक शहाणपणाची. शिवाय जहाजाभोवतीचा समुद्रही लहर परत फेकतो, आणि त्याचा पृष्ठभाग क्षणाक्षणाला बदलतो. तिथे तुकडे पाडून भागत नाही, सरासरीचा हिशेबच मांडावा लागतो.