जुलाब थांबवण्याची घाई नको

लहान मुलाला जुलाब लागले की घरात पहिली शोधाशोध होते ती जुलाब बंद करणाऱ्या गोळीची. चूक इथेच होते. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि काही दिवसांत आपोआप ओसरतात. जीव धोक्यात येतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. तेव्हा पहिल्या पातळ शौचापासूनच ही तूट भरायला हवी. ती तोंडावाटे भरता येते, हे १९७१ साली दिसलं. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या आणि त्या पाण्यात विरघळवून पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. तिथे तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आलं, तेही कॉलऱ्यासारख्या आजारात!

‘पाणी पाजलं की जुलाब वाढतात’, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. नुसत्या पाण्याने किंवा फार गोड सरबताने तूट भरत नाही, हे खरंच. जास्त साखर तर पाणी उलट आतड्यात ओढून घेते. पण ग्लुकोज आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले की आतडं दोन्ही शोषतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. आजारी आतड्यातही हा मार्ग बराचसा शाबूत राहतो. म्हणूनच ओआरएसमध्ये, म्हणजे क्षार-साखरेच्या या पाण्यात, प्रमाणाला इतकं महत्त्व. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच संपूर्ण विरघळवायची. पेल्याला चिमूटभर, असा अंदाज धोक्याचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुठलंही मिश्रण चोवीस तासांनी टाकून द्यावं.

मूल उलटी करतं, मग काय उपयोग? दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावं. बरंचसं पोटात राहतं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नये. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक दिल्यास आजार लवकर आवरतो. जुलाब बांधणारी औषधं मात्र लहान मुलांना देऊ नयेत. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात ठरेना, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावं आणि वाटेतही, मूल शुद्धीवर असेल तर, घोट-घोट पाजत राहावं.