लोटस ७९

लोटस ७९ : फॉर्म्युला वन शर्यतींसाठी टीम लोटस या ब्रिटिश संघाने बांधलेली एकासनी शर्यतगाडी. ती १९७८ व १९७९ या दोन हंगामांत धावली. तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या साहाय्याने गाडी रस्त्यावर दाबून धरण्याचे तंत्र (भूपरिणाम; प्रचलित नाव ग्राउंड इफेक्ट) लोटस ७८ या तिच्या पूर्वज गाडीत अवतरले व हिच्यात परिपक्व झाले. काळा रंग व त्यावरील सोनेरी रेघा यांमुळे ती ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणूनही ओळखली जाते.

वळण घेताना गाडीला मार्गावर ठेवणारे घर्षण टायरांवरील भारावर अवलंबून असते. हा भार वजन वाढवून मिळविला, तर जड झालेली गाडी वळविण्यास तितकीच अधिक प्रेरणा लागते आणि हाती काही उरत नाही. हवेच्या दाबाने मिळणारा भार मात्र वस्तुमान वाढवीत नाही. म्हणूनच १९६८ पासून शर्यतगाड्यांवर विमानाच्या पंखाच्या उलट आकाराचे पंख बसविण्यात येऊ लागले. पण ते हवेला अडवतात व सरळ मार्गावर वेग खातात. अशी किंमत न मोजता भार मिळविणे हा खरा प्रश्न होता.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९७५ च्या सुमारास हे संशोधन टोनी रड यांच्या गटाकडे सोपविले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) रस्त्याऐवजी सरकता पट्टा होता. तेथे वायुगतिकीतज्ज्ञ पीटर राइट हे एक चतुर्थांश आकाराच्या प्रतिकृतीवर प्रयोग करीत असताना प्रतिकृतीच्या बाजूच्या पेट्या किंचित खाली झुकल्या व मोजलेला भार अनपेक्षितपणे वाढला. पेटीचा तळ आणि पट्टा यांमधील फट अरुंद झाल्याने तेथील हवेचा वेग वाढून दाब घटला होता. बेर्नुली यांचे तत्त्व यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. फटीच्या कडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी बंद करताच परिणाम आणखी वाढला. चुकीचे वाटणारे मापन टाकून न देता त्याचा पाठपुरावा करणे, हेच या शोधाचे मर्म म्हणावे लागेल.

यातून लोटस ७८ ही गाडी तयार झाली. तिने १९७७ च्या हंगामात पाच शर्यती जिंकल्या. मात्र तिच्यात हवेचा दाब गाडीच्या पुढील भागाकडे अधिक पडे. तोल साधण्यासाठी मागे मोठा पंख लावावा लागे व सरळ मार्गावर वेग कमी होई. लोटस ७९ मध्ये ही उणीव दूर करण्यात आली. इंधनाची टाकी चालकाच्या मागे मध्यभागी आणली, चाकांच्या स्प्रिंगा हवेच्या मार्गातून काढून आत घेतल्या व निष्कास नळ वर उचलले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पेट्यांखाली गाडीच्या मागील टोकापर्यंत मोकळे बोगदे मिळाले. त्यांच्या बाहेरच्या कडांना वरखाली सरकणाऱ्या झालरी असून त्या रस्त्याला टेकत व बाहेरची हवा आत येऊ देत नसत. कॉसवर्थ डीएफव्ही हे २,९९३ घ. सेंमी. क्षमतेचे आठ सिलिंडरांचे एंजिन इतर अनेक संघांकडेही होते. पण ते अरुंद असल्याने बोगद्यांना जागा उरली. फेरारीच्या बारा सिलिंडरांच्या आडव्या एंजिनाने नेमकी हीच जागा व्यापलेली असे.

गाडीने २१ मे १९७८ रोजी बेल्जियममधील झोल्डर येथे पहिली शर्यत धावली व मारिओ आंद्रेत्ती यांनी ती जिंकली. पुढे स्पेन, फ्रान्स, जर्मनी व नेदर्लंड्स येथे आंद्रेत्ती, तर ऑस्ट्रियात स्वीडिश चालक रॉनी पीटरसन विजयी झाले. स्वीडनमध्ये मात्र ब्रॅबमने मागे मोठा पंखा बसवून तळाखालची हवा यंत्राने ओढून घेतली. निकी लाउडा यांनी ती शर्यत जिंकली. पण ती गाडी एका शर्यतीनंतर मागे घेण्यात आली. पीटरसन हे करारान्वये संघाचे दुय्यम चालक होते. स्पेन, फ्रान्स व नेदर्लंड्समध्ये ते आंद्रेत्तींच्या पाठोपाठ दुसरे आले. या क्रमांकांवरून त्यांच्या खऱ्या वेगाचे माप घेणे योग्य होणार नाही.

१० सप्टेंबर १९७८ रोजी इटलीतील मोंझा येथे सकाळच्या सरावात पीटरसन यांच्या ७९ गाडीला अपघात होऊन ती निकामी झाली, व त्यांना जुन्या ७८ मधून शर्यतीत उतरावे लागले. मागील गाड्या पुरत्या थांबण्यापूर्वीच सुटण्याचा हिरवा दिवा लागला. अरुंद होत जाणाऱ्या मार्गावर गर्दी होऊन अनेक गाड्या आदळल्या. पीटरसन यांची गाडी कठड्यावर जाऊन पेटली. जेम्स हंट व इतर चालकांनी त्यांना बाहेर काढले. त्यांच्या पायांची हाडे अनेक ठिकाणी मोडली होती. शस्त्रक्रियेनंतर चरबीचे कण रक्तप्रवाहात शिरल्याने दुसऱ्या दिवशी मिलान येथे त्यांचा मृत्यू झाला. जगज्जेतेपद आंद्रेत्तींचे मोंझा येथेच निश्चित झाले होते. त्यांच्या आधीचे एकमेव अमेरिकन जगज्जेते फिल हिल यांनाही १९६१ मध्ये याच मैदानावर, सहकारी चालकाच्या मृत्यूच्या दिवशीच, हा मान मिळाला होता. अंतिम गणनेत आंद्रेत्तींचे ६४ गुण झाले व पीटरसन ५१ गुणांसह मरणोत्तर दुसरे राहिले. संघांचे विजेतेपद लोटसने ८६ गुणांनी मिळविले. या दुर्घटनेनंतर डॉ. सिड वॉटकिन्स यांच्या आग्रहाने पहिल्या फेरीत सर्व गाड्यांमागे वैद्यकीय गाडी धावू लागली.

१९७९ मध्ये विल्यम्स व लिझिए या संघांनी हेच तंत्र अधिक ताठ सांगाड्यांवर वापरले. लोटस ७९ चा सांगाडा भाराखाली लवत असे. तिला त्या वर्षी एकही विजय मिळाला नाही. या तंत्राचा धोकाही हळूहळू स्पष्ट झाला. झालर अडकली वा उचलली गेली, की भार एका क्षणात नाहीसा होई व त्या वेगाने वळण घेणे अशक्य होई. शिवाय तळ रस्त्याकडे खेचला जाऊन पुन्हा सुटल्याने गाडी लयबद्ध हिसके खाई. लोटस ८० ही पुढील गाडी मुख्यतः यामुळेच फसली. १९८१ मध्ये सरकत्या झालरींवर बंदी आली आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ मध्ये नियमांनी तळाखालील बोगदे पुन्हा आणले, तेव्हा हिसकेही परत आले. त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीपासून उभ्या दिशेतील आंदोलनांना मर्यादा घालण्यात आली.