मिठाचा झरा

मुलांनो, आई एखाद्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरली तर काय होईल? पहिल्याच घासाला तुम्ही म्हणाल, "आई, आमटी अळणी झाली आहे!" आज मीठ दुकानात सहज मिळते. पूर्वी तसे नव्हते. तेव्हा मिठासाठी लढायासुद्धा होत. अशाच दोन शेजाऱ्यांची ही हकीकत आहे.

युरोपच्या नकाशात इटली देश शोधा. त्याचा आकार बुटासारखा आहे. इटलीच्या पूर्वेला एड्रियाटिक समुद्र आहे. समुद्राच्या पलीकडे डोंगराळ प्रदेश दिसेल. आज तेथे क्रोएशिया, बॉस्निया-हर्झेगोव्हिना, माँटेनेग्रो, अल्बानिया असे देश आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी या भागात इलिरियन लोक राहत होते. त्या सर्वांचे मिळून एक राज्य नव्हते. त्यांच्या अनेक जमाती होत्या.

ऑटारियाते ही त्यांतली एक मोठी व बलवान जमात होती. तिच्या शेजारी आर्दियाई नावाची दुसरी जमात राहत असे. दोघांच्या सीमेवर एका डोंगराच्या पायथ्याशी खाऱ्या पाण्याचा झरा होता. वसंत ऋतूत तो वाहू लागे. लोक ते पाणी काढून साठवून ठेवत. पाच दिवसांत त्याचे मीठ तयार होई. आपल्या मॉरिशसमधील तामारें गाव मिठागरांसाठी ओळखले जाते. तेथे समुद्राच्या पाण्यापासून मीठ करतात. येथे मात्र डोंगरातल्या पाण्याचे मीठ होत असे.

त्या काळी फ्रीज नव्हते. मांस आणि मासे टिकवायला मीठ लागे. गुरामेंढरांनाही मीठ लागे. म्हणून तो झरा दोघांनाही हवा होता. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा लढत. मग त्यांनी एक करार केला. झऱ्याचे पाणी आळीपाळीने घ्यायचे, एकदा तुम्ही, एकदा आम्ही. किती सोपा उपाय! पण करार टिकला नाही. तो मोडला की पुन्हा लढाई सुरू होई. असे अनेकदा घडले.

ही माहिती आपल्याला कशी मिळाली? इलिरियन लोकांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो नावाचा ग्रीक भूगोलकार होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात या झऱ्याची हकीकत लिहिली.

पुढे या जमातींचे काय झाले? ऑटारियाते लोकांनी पूर्वेकडच्या त्रिबाली लोकांना जिंकले. त्रिबालींचा प्रदेश पार करायला पंधरा दिवस लागत, एवढा तो मोठा होता. पण नंतर स्कोर्दिस्की नावाच्या लोकांनी ऑटारियाते लोकांचा पराभव केला. आर्दियाई लोक समुद्रात जहाजे लुटत, म्हणून इ.स.पूर्व १३५ च्या सुमारास रोमन लोकांनी त्यांना हरवले. त्यांना समुद्रकिनाऱ्यापासून दूर नेऊन शेती करायला लावले. ती जमीन खडकाळ होती. तेथे पीक येईना. हळूहळू दोन्ही जमाती नाहीशा झाल्या. तो झरा ना यांचा राहिला, ना त्यांचा.

मुलांनो, आपल्या मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' असा वाक्प्रचार आहे. ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्याशी प्रामाणिक राहणे, असा त्याचा अर्थ आहे. या दोन्ही शेजाऱ्यांनी एकाच झऱ्याचे मीठ खाल्ले, पण एकमेकांना दिलेला शब्द पाळला नाही. शाळेत झोपाळ्यावर तुमची पाळी संपली की या झऱ्याची आठवण ठेवा, आणि दुसऱ्याला बसू द्या.

शब्दार्थ
अळणी – मीठ नसलेले
आळीपाळीने – एकामागून एक, पाळी लावून
करार – दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट

स्वाध्याय
१. झऱ्याच्या पाण्याचे मीठ कसे तयार होई?
२. दोन्ही जमातींनी कोणता करार केला?
३. करार टिकावा म्हणून तुम्ही काय केले असते? चार वाक्ये लिहा.