नाव खोडलं, माणूस उरला

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत गोदावरीवरच्या धरणामुळे शंकरसागर जलाशय झाला आणि त्याच परिसरात तीन मोठ्या संस्थाही उभ्या राहिल्या. श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ची, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४चं, शिवाय डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अशा ठिकाणांहून प्रश्नावल्यांचे गठ्ठे गावोगाव जातात. कुणाला कर्जाची माहिती हवी असते, कुणाला हिमोग्लोबिनची, कुणाला ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची. भरलेले फॉर्म एक्सेलमध्ये उतरतात, एक्सेलमधून तक्ते निघतात, तक्ते प्रबंधात जातात. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांत पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली, प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर दिसू लागले, आणि उत्तर देणाऱ्या बाईचा पुण्यातला भाचाही आता तो तक्ता मोबाइलवर उघडू शकतो.

प्रश्नावलीच्या डोक्यावर मात्र जुनंच वाक्य असतं: ‘आपली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल व तिचा वापर केवळ संशोधनासाठी केला जाईल.’ हे वचन देणं सोपं आहे. ते पाळायचं कसं, याविषयी मात्र गैरसमजांचं भरघोस पीक आहे.

“नावाचा रकाना उडवला की झालं”

हा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची माहिती संशोधनासाठी खुली केली. नावं, पत्ते काढलेले होते. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन राहिला होता. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरसाहेबांचं आजारपण नावानिशी सापडलं. जन्मतारीख, लिंग आणि पिन एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं वेगळी काढता येतात, असं स्वीनी यांनी पुढे मांडलं. नंतरच्या एका अभ्यासात हा आकडा ६३ टक्के आला. तोही काही कमी नाही.

आपल्याकडे तर वीस डॉलरही लागत नाहीत. मतदारयादी केंद्रनिहाय छापली जाते; तीत नाव, वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि घर क्रमांक असतो. सातबारा ‘महाभूलेख’वर पाहता येतो. प्रबंधाच्या फाइलमध्ये ‘जमीन ४ हेक्टर ३७ आर’ असं अचूक लिहिलं असेल, तर गावातल्या माणसाला नाव शोधायला संध्याकाळ पुरते. ‘चार ते पाच हेक्टर’ एवढंच लिहिलं असतं तर एवढी सोय झाली नसती. जन्मतारखेचं तर विचारूच नका. ज्या मुलखात भाऊंचा, दादांचा वाढदिवस फोटोसकट चौकातल्या फ्लेक्सवर झळकतो, तिथे ती गुपित कशी राहणार?

यात एक गंमत आहे. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची आणि गुरुजी १ जून ठोकून द्यायचे. संख्याशास्त्राच्या नजरेतून गुरुजींनी नकळत मोठंच संरक्षण दिलं: एकच तारीख शेकडो जणांची, म्हणजे तारखेवरून कुणीच हाती लागत नाही. ज्याच्या आईवडिलांनी खरी तारीख नीट टिपून ठेवली, तोच यादीत उठून दिसतो.

“आम्ही फक्त बेरजा आणि टक्केवारी छापतो, त्यात माणूस कुठे?”

बहुतेक मार्गदर्शकही इथेच निर्धास्त होतात. एक मनातलं उदाहरण घेऊ. एका गावात १४ एकल महिलांनी कर्ज घेतलं आहे: बँकेकडून ९, बचत गटाकडून ४, सावकाराकडून १. ‘१’ हा आकडा धोक्याचा आहे हे संशोधकाला कळतं, म्हणून त्या जागी तो फुली मारतो. पण एकूण १४ तसेच ठेवतो. चौदातून नऊ गेले, चार गेले, राहिला एक. फुली मारून फक्त शोभा झाली. एक सेल झाकायचा तर त्याच्या जोडीने दुसराही झाकावा लागतो, नाहीतर ‘बचत गट व इतर ५’ असं एकत्र करावं लागतं.

आता हा तक्ता कोण वाचेल? संशोधकाच्या डोळ्यांसमोर दूरचा कुणी हॅकर असतो. खरा वाचक गावातला सावकारच आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. आपल्याकडून कर्ज घेतलेली बाई कोण, हे त्याला तक्त्यावाचून ठाऊक आहे. तक्त्यातून त्याला नवीन कळतं ते हे, की ती बोलली.

वजाबाकी दोन तक्त्यांमध्येही होते. एका प्रकरणात १८ ते ६० वयाच्या स्त्रिया घेतल्या, दुसऱ्यात १८ ते ५९, आणि पहिल्या तक्त्यात आजाराची एक नोंद जास्त आहे. साठ वर्षांची बाई गावात एकच असेल तर झालं. म्हणून प्रत्येक तक्ता सुटा तपासून भागत नाही. अख्खा प्रबंध एकत्र पाहावा लागतो, आणि त्यावरून लिहिलेले शोधनिबंधही.

धंद्याच्या आकड्यांत हा प्रश्न आणखी चिवट होतो. लातूर डाळ गिरण्यांसाठी प्रसिद्ध. समजा, एखाद्या भागात तीनच गिरण्या आहेत: एक मोठी, एक मध्यम, एक नावापुरती. तिघींचं एकूण उत्पादन ९,००० क्विंटल छापलं. मध्यम गिरणीवाला त्यातून स्वतःचे अडीच हजार वजा करतो, लहानीचे अंदाजे दोनशे सोडतो, आणि स्पर्धकाचा आकडा त्याच्या हाती येतो. गिरण्या पाच असत्या, पण एकीचाच वाटा नव्वद टक्के असता, तरी निकाल तोच. म्हणून सांख्यिकी कार्यालयं नुसती संख्या मोजत नाहीत, बेरजेत कुणाचं वर्चस्व आहे हेही पाहतात.

‘कमाल धारण जमीन ८५ एकर’ हेही एका माणसाचंच वर्णन आहे, किमान-कमाल छापायची सवय असली तरी. आणि ‘शंभर टक्के’ तर त्याहून वाईट. वस्तीतल्या बाराच्या बारा घरांनी विनापरवाना बोअर घेतली, असं लिहिलं की एकही नाव न घेता बारा घरं उघडी पडतात. गटाच्या बेरजा किती घातक ठरू शकतात याचा मोठा दाखला १९४२चा आहे: अमेरिकेत जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबलं गेलं, तेव्हा कुठल्या भागात ते किती राहतात याचे जनगणनेतले तक्ते कामाला आले.

“गावाचं नाव बदललं की पुरे”

उलट्या टोकाचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५पासून कोरडवाहू गावांचा अभ्यास सुरू केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कलमण, तर अकोल्यातली कांझरा आणि किनखेडा ही गावं होती. प्रत्येक गावात ४० कुटुंबं: १० भूमिहीन, बाकी ३० लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. गावांची नावं लपवली नाहीत. जगभरच्या अर्थशास्त्राच्या लेखांत शिरापूर आणि कांझरा सर्रास येतात. या माहितीने कोरडवाहू शेतीतल्या जोखमीविषयीची समज बदलली, तिचं मोल वादातीत आहे. पण गाव माहीत, मोठे शेतकरी दहाच. मग कुटुंबाच्या जागी संकेतांक घालून ते कितपत झाकलं जातं? बाहेरच्याला ते कोडं राहतं. शेजाऱ्याला नाही.

गाव झाकायचं ठरवलं, तरी ‘तालुक्यापासून अकरा किलोमीटर, मन्याड नदीकाठी, आठवडी बाजार मंगळवारी’ असं वर्णन दिलं की नाव बदलण्याचा काही उपयोग उरत नाही.

“गावात सगळ्यांना सगळं माहीतच असतं”

पारावरची कुजबुज वेगळी आणि छापील पुरावा वेगळा. शिवाय गावाला बरंच ठाऊक असलं तरी रक्ततपासणीचा अहवाल ठाऊक नसतो. २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची तपासणी होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या या पाहणीच्या खुल्या माहितीत म्हणून जिल्ह्याचा संकेतांकच दिला नाही. जिल्हावार अभ्यास करणारे तेव्हा हिरमुसले, पण निर्णय बरोबर होता.

“एवढी काटछाट केली तर माहितीचं मातेरं होईल”

थोडं नुकसान होतं, हे मान्य करायलाच हवं. पण किती, हे ठरवता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्याच पुढच्या पाहण्यांत नमुना-वस्त्यांची नकाशावरची जागा मुद्दाम सरकवलेली असते: शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण वस्त्यांपैकी शेकडा एक १० किलोमीटरपर्यंत. पावसाचा किंवा दवाखान्याच्या अंतराचा अभ्यास तरीही होतो. वाडी ओळखता येत नाही. अमेरिकेने २०२०च्या जनगणनेत आकड्यांमध्ये गणिताने मोजून गोंगाट, म्हणजे मुद्दाम केलेले यादृच्छिक फेरफार, मिसळला, तेव्हा अलाबामा राज्य थेट कोर्टात गेलं. वाद पोकळ नव्हता. लहान समूहांचे आकडे झाकले की त्यांची दुःखंही झाकली जातात. शंभर घरांच्या भटक्या जमातीला ‘इतर’मध्ये ढकलणं हे संरक्षणही असतं आणि अन्यायही. याला तयार सूत्र नाही. कधी तालुक्याऐवजी जिल्हा घ्यावा लागतो, कधी एका वर्षाऐवजी पाच वर्षं एकत्र करावी लागतात.

“कायदा आहे की”

आहे, आणि काही ठिकाणी फार कडक आहे. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नुसार व्यक्तीच्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत, त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मात्र हे कवच जनगणनेला आहे, पीएचडीच्या प्रश्नावलीला नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधन आणि सांख्यिकी कामाला अटींसह सूट ठेवली. सूट म्हणजे मोकळीक, असा अर्थ घाईत काढला जातो. पण तक्त्यातला कुठला सेल झाकायचा, हे कायदा सांगत नाही.

ते शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये सरकारी सूक्ष्म माहिती हाताळण्याआधी संशोधकाला प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यावी लागते. माहिती सुरक्षित ठिकाणीच राहते आणि निकाल तपासल्याशिवाय बाहेर जात नाहीत. तिथे दहापेक्षा कमी जणांवर आधारलेला आकडा सहसा अडवला जातो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९च्या अखेरीस ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम पीएचडीला सक्तीचा केला. त्यात सहा घटक आहेत. वाङ्मयचौर्य आहे, बनावट नियतकालिकं आहेत. तक्त्यातून माणूस कसा सापडतो, यासाठी वेगळा घटक नाही.

तो शिकवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. जुन्या प्रबंधातला एक तक्ता फळ्यावर काढायचा आणि वर्गाला सांगायचं: तुम्ही या गावचे सरपंच आहात, सावकार आहात, सासू आहात, यातला माणूस शोधा. तक्ते संपले की ऋणनिर्देशाचं पान उघडायचं, जिथे उत्तरदात्यांचे गावासकट, आडनावासकट मनःपूर्वक आभार मानलेले असतात. आणि मग परिशिष्ट, ‘छायाचित्र क्र. १: मुलाखत देताना महिला शेतकरी’.