लाकडी बॉयलरची वायरिंग : तंबाखू बार्नसाठी थर्मोस्टॅट व अभिसरण पंप

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कुशालनगरच्या अलीकडे बैलकुप्पे आहे. १९६१ साली वसलेल्या तिबेटी वसाहतीमुळे व तेथील मठांमुळे हे नाव मराठी वाचकाला परिचित असते. वसाहतीतील मक्याची शेते ओलांडून पिरियापट्टण तालुक्यातील गावांत शिरले, की उंच, बंदिस्त, छपराजवळ झरोके असलेल्या खोल्या दिसू लागतात. हे व्हर्जिनिया तंबाखूचे बार्न होत. निपाणी भागातील विडी तंबाखू उन्हात वाळतो. येथील पान मात्र ऐन पावसाळ्यात तोडणीस येते आणि बंद खोलीत, लाकडाच्या आचेवर, पाच-सहा दिवसांत पक्के करावे लागते.

या पाच-सहा दिवसांत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअसपासून क्रमाने वर नेले जाते. आरंभी पान पिवळे होते, पुढे ५० ते ५५ अंशांपर्यंत पात वाळते व शेवटी ७० अंशांच्या आसपास मधली शीर वाळते. घाईने आच वाढली तर हिरवटपणा पानातच राहतो किंवा पान भाजून तपकिरी पडते. लिलावात त्याचा दर घसरतो. म्हणून शेतकरी रात्रीतून अनेकदा उठून तापमापक पाहतो आणि भट्टीत एखादा ओंडका कमी-अधिक करतो. हे जागरण थर्मोस्टॅटवर सोपविता येईल का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेतील काही तंबाखू उत्पादक बार्नबाहेर लाकडी बॉयलर बसवून, गरम पाणी पंपाने फिरवून पान पक्के करतात. आपल्याकडे असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी त्याच्या विद्युत जोडणीचा विचार येथे मांडला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गॅस किंवा विजेच्या हीटरमध्ये थर्मोस्टॅट उष्णतेचा उगमच बंद करतो. लाकडाचा विस्तव तसा बंद होत नाही. थर्मोस्टॅट फार तर त्याची हवा तोडतो. निखारे पुढे कित्येक तास पाणी तापवीत राहतात. म्हणून येथे दोन स्वतंत्र नियंत्रणे लागतात. बॉयलरमधील पाण्याचा थर्मोस्टॅट हवेच्या पंख्यावर अंमल ठेवतो, तर बार्नमधील थर्मोस्टॅट पंपावर. ही दोन्ही कामे एकाच थर्मोस्टॅटकडे दिल्यास बार्नला उष्णता नको असेल त्याच क्षणी पंप थांबतो, आणि बॉयलरमधील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट उरत नाही.

बैलकुप्पे परिसर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९७ अंशांना उकळते. शीर वाळविताना बार्नमध्ये ७० अंश राखायचे, तर बॉयलरचे पाणी ८५ अंशांच्या घरात हवे. म्हणजे कामाचे तापमान व उकळबिंदू यांत जेमतेम बारा अंशांचे अंतर उरते. अशा वेळी वीज गेली व पंप थांबला, तर हे अंतर भरून निघण्यास फार वेळ लागत नाही. त्यामुळे आराखडा काढताना पहिला प्रश्न ‘वीज असताना काय होईल’ हा नसून ‘वीज गेल्यावर काय होईल’ हा असावा.

जोडणी अशी असावी. मुख्य पुरवठा एमसीबी व ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून घ्यावा आणि पुढे त्याचे दोन भाग करावेत. पंखा थेट पुरवठ्यावर ठेवावा. पंप, त्याची नियंत्रणे व उष्णता-विसर्गाचा व्हॉल्व्ह इन्व्हर्टरवर घ्यावेत. पंखा इन्व्हर्टरवर घेण्याचा मोह टाळावा. वीज गेल्यावर विस्तव मंदावणे आणि पाणी फिरत राहणे, हेच आपल्याला हवे आहे. पंपाचा भार १०० वॉट धरला, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी क्षमता वापरूनही तो सहा-सात तास चालावा.

पंख्याच्या फेज तारेत दोन स्विच एकापुढे एक येतात. पहिला पाण्याचा कामकाजी थर्मोस्टॅट; तो ठरवलेल्या तापमानाला संपर्क तोडतो व चार-पाच अंश उतरल्यावर पुन्हा जोडतो. पिवळे होण्याच्या अवस्थेत तो ६५ ते ७० अंशांवर व अखेरीस ८५ अंशांवर ठेवावा. दुसरा ९२ अंशांचा सुरक्षा स्विच, एकदा तुटला की हाताने दाबूनच पूर्ववत होणारा. दोन्हींचे संवेदक बॉयलरच्या वरच्या भागी, पाणी बाहेर पडते तेथे बसवावेत. परतीच्या नळावर बसविलेला संवेदक पंप थांबताच खोटे बोलू लागतो. पंखा बंद होताच हवेची झडप स्वतःच्या वजनाने पडून मिटली पाहिजे, हेही पाहावे.

पंपासाठी बार्नमधील थर्मोस्टॅट तापमान उतरल्यावर संपर्क जोडणारा असावा. त्याच्यापुढे बॉयलरवर आणखी एक स्विच जोडावा, जो पाणी ५५ अंशांच्या वर असतानाच संपर्क जोडेल; अन्यथा विस्तव विझल्यावरही पंप थंड पाणी फिरवून बार्न निववीत बसेल. परतीचे पाणी फार थंड येत राहिल्यास बॉयलरच्या भिंतीवर ओल व डांबरासारखा थर धरतो, तोही या स्विचमुळे काही अंशी टळतो. थर्मोस्टॅटच्या नाजूक संपर्कातून पंपाची मोटर थेट चालवू नये. त्याने केवळ काँटॅक्टरची कॉइल चालवावी.

राहिला उष्णता-विसर्ग. अनेक आराखड्यांत पाणी अति तापले की पंप सक्तीने सुरू करून उष्णता इमारतीत सोडली जाते. घरासाठी हे ठीक आहे, तंबाखूसाठी नाही. पान पिवळे होत असताना बार्नमध्ये एकदम उष्णतेचा लोट आला, तर सगळी भरणी हातची जाईल. म्हणून बॉयलरपेक्षा उंचावर, उघड्या हवेत, वेगळा रेडिएटर ठेवावा आणि त्याकडे जाणाऱ्या जाड नळावर वीज असताना मिटलेला व वीज तुटताच आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा. त्याची तार ९० अंशांना तुटणाऱ्या आणखी एका स्विचमधून न्यावी. मग पाणी अति तापो वा इन्व्हर्टर संपो, व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम पाणी पंपाविना, हलकेपणामुळे, वर चढून रेडिएटरमध्ये निवते. बॉयलरचा वाफनळ वातावरणात उघडा राहावा. त्यावर कोणतीही तोटी नसावी.

साहित्याबाबत दोन गोष्टी. नेहमीच्या पीव्हीसी तारेचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते आणि बार्न अखेरीस तेवढाच तापतो. तेव्हा बार्नच्या आतील तारा सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाच्या घ्याव्यात. तसेच शेतातील मोनोब्लॉक पंप येथे वापरू नये. त्याचे सील या तापमानासाठी बनविलेले नसते. गरम पाण्याचा सर्क्युलेटर घेऊन तो परतीच्या नळावर, टाकीच्या पातळीपेक्षा पुरेसा खाली बसवावा. उकळबिंदूच्या जवळचे पाणी ओढताना पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात व प्रवाह तुटतो. बॉयलर, पंप व पेटी या तिन्हींना अर्थिंग हवेच. हंगाम पावसाळ्याचा आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. गरम पाण्याचे नळ धुराच्या नळांइतके तापत नाहीत, त्यामुळे रेडिएटरचा पृष्ठभाग बराच मोठा लागतो. मिनिटाला ६० लिटर पाणी फिरून १० अंश निवले, तर सुमारे ४२ किलोवॉट उष्णता मिळते. नळांचा व पंपाचा आकार या हिशेबाने ठरवावा. शिवाय थर्मोस्टॅटला आर्द्रता कळत नाही. ओल्या फडक्याचा तापमापक वाचणे, झरोके उघडणे आणि तापमान तासाला साधारण एक अंश या बेताने चढविणे हे काम शेतकऱ्याच्याच हाती राहते. संवेदक तळाच्या थरातील पानांच्या उंचीवर, नळांच्या थेट उष्णतेपासून दूर टांगावा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पान भरण्यापूर्वी रिकाम्या बार्नमध्ये एक दिवस विस्तव पेटवावा. पाणी ८० अंशांवर गेले की मुख्य एमसीबी खाली पाडावा. पंखा थांबून झडप मिटते का आणि पंप चालू राहतो का, हे पाहावे. त्यानंतर इन्व्हर्टरही बंद करावा आणि उंचावरच्या रेडिएटरचा नळ हाताला तापलेला लागतो का, ते तपासावे. तो थंडच राहिला, तर त्या बार्नमध्ये पान भरू नये.