गाडी डावीकडे का ओढते?

आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. एकदा तिच्या पुढच्या डाव्या चाकातून ब्रेकचे तेल गळू लागले, म्हणून ती गॅरेजमध्ये नेली. गळती थांबली, तेलाने भिजलेले ब्रेक-शू काढून टाकले गेले आणि त्या चाकात नवे शू बसले. उजव्या चाकातले शू अजून चांगले होते. त्यांचा खर्च कशाला, असे मेकॅनिकचे म्हणणे पडले आणि आम्हालाही ते पटले.

पहिले काही दिवस ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे झुकत असे. ‘नवा शू बसायला वेळ लागतो’, असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांत शू बसले, आणि गाडी डावीकडे ओढू लागली. तीही अशी की, जोरात ब्रेक दाबला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागे.

आता, घर्षणाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले अभिलंब बल. दोन्ही चाकांकडे तेलाचा दाब सारखाच जातो. म्हणजे नव्या शूचा घर्षणांक जुन्यापेक्षा थोडा जास्त असेल, तर डावे चाकही थोडेच जास्त अडायला हवे. प्रत्यक्षात फरक फार मोठा जाणवत होता. नियम चुकीचा नाही. पण ड्रम-ब्रेकमध्ये अभिलंब बलच घर्षणावर अवलंबून असते, आणि सारी गंमत (व धोकाही) त्यातच आहे.

ड्रम-ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर बिडाचा एक पोकळ ड्रम फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लोखंडी शू समोरासमोर असतात. प्रत्येकाचे खालचे टोक एका खुंटीवर टेकलेले असते. वरच्या दोन टोकांच्या मध्ये एक छोटा सिलिंडर असतो. पायाने ब्रेक दाबला की सिलिंडर ही टोके एकमेकांपासून दूर लोटतो, शू फाकतात आणि त्यांच्या पाठीवरचे अस्तर ड्रमला आतून घासते. हे अस्तर म्हणजेच गॅरेजमधले ‘लायनर’. मोटारीसाठी आतून फाकणाऱ्या अशा ब्रेकचे श्रेय फ्रान्समधील लुई रेनॉ यांना दिले जाते; साल १९०२.

पुढचा भाग समजण्यासाठी वर्गात एक काठी घ्या. काठी तिरपी धरून तिचे टोक आपल्या पुढे जमिनीवर टेकवा आणि चालत तिला पुढे ढकला. टोक जमिनीत रुतते, काठी अडते, उड्या मारते. आता तीच काठी मागे धरून ओढत न्या. ती मुकाट सरकत येते. हात तोच, काठी तीच, जमीनही तीच. पहिल्या वेळी घर्षण काठीला जमिनीवर अधिक दाबत होते, दुसऱ्या वेळी ते तिला उचलू पाहत होते. (फळ्यावर खडू किंचाळतो तोही बहुधा पहिल्या प्रकारे धरलेला असतो.)

ड्रममधल्या दोन शूंचे अगदी असेच होते. हात म्हणजे खुंटी, काठी म्हणजे शू आणि जमीन म्हणजे ड्रम. ड्रमचा पृष्ठभाग ज्या शूच्या मोकळ्या टोकाकडून खुंटीकडे सरकतो, त्याला घर्षण आणखी आवळते. त्याला लीडिंग शू म्हणतात. दुसऱ्याला घर्षण ढिले करते; तो ट्रेलिंग शू. गाडी मागे घेताना दोघांच्या भूमिका बदलतात.

तरफेचा नियम वापरून याचे गणित मांडता येते. खुंटी हा टेकू. समजा, सिलिंडरचे बल टेकूपासून २ एकक अंतरावर, ड्रमचे अभिलंब बल १ एककावर आणि घर्षणबल ०.९ एककावर कार्य करते. सिलिंडरचे बल १ मानू. मग लीडिंग शूसाठी अभिलंब बल येते २ भागिले (१ वजा ०.९ गुणिले घर्षणांक). ट्रेलिंग शूसाठी कंसात वजाऐवजी अधिक चिन्ह येते. सगळी किमया त्या वजा चिन्हाची आहे.

घर्षणांक ०.३५ घेतला तर लीडिंग शूचे घर्षणबल १.०२ येते आणि ट्रेलिंगचे ०.५३. म्हणजे एकाच ड्रममधला एक शू दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट काम करतो. दोन्ही अस्तरे समान झिजत का नाहीत, हा मेकॅनिकला नेहमी विचारला जाणारा प्रश्न इथेच सुटतो. आता घर्षणांक ०.४५ घ्या. लीडिंगचे बल १.५१ आणि ट्रेलिंगचे ०.६४ होते. घर्षणांक २९ टक्क्यांनी वाढला, पण दोन्ही शू मिळून ब्रेकचे बल ३९ टक्क्यांनी वाढले. काही जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू लीडिंग असतील अशी जोडणी करत. तिथे हीच वाढ ४८ टक्के होईल. विद्यार्थ्यांना पुढे एक प्रश्न जरूर घालावा : घर्षणांक १.११ झाला तर काय होईल? कंसातली किंमत शून्य होते, म्हणजे एकदा टेकलेला शू सुटणारच नाही. तेव्हा घर्षण जितके जास्त तितका ब्रेक चांगला, ही समजूत ड्रमच्या बाबतीत खरी नाही.

उदाहरणात ०.३५ आणि ०.४५ हे आकडे आम्ही सहज घेतलेले नाहीत. अस्तराच्या कडेवर पुष्कळदा एक लांब सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीनुसार त्यातली दोन रोमन अक्षरे घर्षणांक सांगतात. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. म्हणजे दोन वेगळ्या कारखान्यांच्या अस्तरांवर ‘एफ-एफ’ अशी सारखीच अक्षरे असली, तरी एक ०.३६ चे आणि दुसरे ०.४४ चे असू शकते, आणि ड्रम तो फरक फुगवून रस्त्यावर आणतो. म्हणून एका आसावरच्या दोन्ही चाकांचे शू एकदमच, एकाच बनावटीचे आणि शक्यतो एकाच खोक्यातले बदलायचे असतात. ‘एक चांगला आहे, तो राहू द्या’, ही काटकसर आम्ही केली ती अशी अंगाशी आली.

राहता राहिला सुरुवातीचा उजवीकडचा झोक. वापराने ड्रमवर खाचा पडतात, म्हणून तो लेथवर लावून आतून साफ करतात. त्यामुळे त्याची त्रिज्या थोडी वाढते. समजा, त्रिज्या एक मिलिमीटरने वाढली. मूळ मापाची गोलाई असलेला शू त्यात फक्त मधोमध टेकेल आणि मध्यापासून ६० अंशांवर असलेल्या टोकांशी अर्धा मिलिमीटर फट राहील. स्पर्श थोड्याच भागात झाल्यामुळे तो भाग लवकर तापतो आणि ब्रेक कमी लागतो. झिजून गोलाई जुळली की शू ‘बसला’. चांगला कारागीर ही वाट पाहत नाही. जाड अस्तर लावून ते ड्रमच्या मापाला घासूनच तो शू बसवतो. या घासण्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

शूचा लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. बदलायचे असते ते अस्तर. त्याचा इतिहासही शूच्या नावाला शोभेसा आहे. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले की, उतारावर गाडीवान चाकाच्या लाकडी ठोकळ्यावर जुने बूट लावतात. १८९७ मध्ये त्याने यावर प्रयोग सुरू केले आणि पुढे फेरोडो ही कंपनी काढली. १९०८ च्या सुमारास त्याने अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आणले. दोऱ्यासारखे विणता येणारे, न जळणारे आणि स्वस्त असे हे खनिज अस्तरांत पुढे अनेक दशके राज्य करून राहिले.

अस्तरातले तंतू, धातूंची भुकटी आणि इतर पदार्थ फिनॉलिक रेझीनने, म्हणजे बेकेलाइटच्या भावंडाने, बांधलेले असतात. त्यात आणखी एक पदार्थ असतो, तो कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. काजू भाजताना टरफलातून जे तेल उडते आणि कातडीवर फोड आणते, त्याचे बहुलकीकरण करून घट्ट झालेला पदार्थ दळतात. ही भुकटी अस्तरात मिसळली की घर्षण स्थिर राहायला मदत होते आणि ब्रेकची किरकिरही कमी होते. गर खाऊन झाल्यावर उरलेले टरफल असे ट्रकच्या चाकात जाऊन पोहोचते.

घर्षण स्थिर राहणे एवढे महत्त्वाचे का, ते घाटात कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १२०० किलोच्या मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल असते. चार ड्रमचे मिळून वजन २४ किलो धरले, तर ती एकदा थांबवल्याने ड्रमचे तापमान जेमतेम १५ अंशांनी वाढेल. आता १६ टनांचा भरलेला ट्रक घ्या. लोणावळ्याकडून खोपोलीकडे उतरताना तो सुमारे ५०० मीटर खाली येतो. त्याची ७८ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेने अडीचशे लिटर पाणी उकळीला येईल. प्रत्येकी ४५ किलोच्या चार ड्रमनी ती सगळी सामावून घ्यायची म्हटले, तर त्यांचे तापमान ९०० अंशांनी वाढेल! सुदैवाने वारा ड्रमना गार करतो, आणि खालच्या गिअरमध्ये असलेले एंजिन बराच मोठा वाटा उचलते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा ड्रायव्हर हा वाटा पुन्हा ड्रमच्या माथी मारतो.

मग घाटात तो ओळखीचा जळका वास येऊ लागतो. तो रेझीनचा असतो. रेझीनचे विघटन होऊन निघालेला वायू अस्तर आणि ड्रम यांच्यामध्ये येतो आणि घर्षणांक उतरतो. आपल्या समीकरणात तो ०.३५ वरून ०.२० वर आणून पाहा. घर्षणांक ४३ टक्क्यांनी घटतो, पण लीडिंग शूचे बल ५२ टक्क्यांनी घटते. जे गणित ब्रेकला मदत करत होते, तेच आता उलटते. त्यात ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. ४१० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे १.३५ मिलिमीटरने वाढतो. हवेच्या ब्रेकमध्ये शू फाकवणाऱ्या दांड्याची धाव मर्यादित असते. अस्तर आधीच झिजलेले असेल, तर ती धाव या वाढीतच संपून जाते. ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही ट्रक थांबत नाही, तो असा.

डिस्क-ब्रेकमध्ये हे दोष बरेच कमी आहेत आणि मोटारींच्या पुढच्या चाकांतून ड्रम केव्हाच गेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. पण आपल्याकडच्या ट्रकांत ड्रमच अधिक दिसतो, आणि जुन्या गाड्या जपणारे पुष्कळ आहेत.

आता त्या घासण्याविषयी. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. त्यांच्यामुळे होणारे अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. गॅरेजमधल्या पोऱ्याची मात्र अशी नोंद कोण ठेवणार? अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइल या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. तिच्यात जुन्या गाड्यांसाठी सुटी विकली जाणारी अस्तरेही होती.

इथे एक बारकावा सांगायला हवा. ड्रममध्ये साचलेल्या काळ्या भुकटीतले बहुतेक क्रिसोटाइल घर्षणाच्या उष्णतेने आधीच बदलून दुसरे, तंतुमय नसलेले खनिज झालेले असते. खरा धोका अधिक आहे तो नवे अस्तर ड्रमच्या मापाला घासताना किंवा त्याला भोके पाडताना, कारण ती धूळ कधी तापलेलीच नसते. तरीही उरलेला अंश नगण्य मानून ड्रमवर हवेचा झोत मारू नये. भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फडके ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावे. घासायचेच तर ओले करून, आणि कपडे घरी नेण्याआधी वेगळे धुवावेत.

आम्ही पुन्हा त्याच गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही चाकांचे शू बदलून घेतले. मेकॅनिकने डाव्या बाजूचा ड्रम काढला, सवयीने हवेची नळी उचलली आणि आम्ही हात धरला. त्याने ऐकून घेतले, बादली मागवली. मग नव्या शूंचे खोके उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे कुठे लिहिलंय?’’ आम्हीही खोक्याच्या सहाही बाजू पाहिल्या. गाडीचे नाव होते, किंमत होती. अस्तर कशाचे, ते कुठेच नव्हते. शेवटी तो शूही त्याने ओला करूनच घासला.