न दिसलेल्या पक्ष्याचीही नोंद!

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाज्याजवळ सलीम अली सरोवर आहे, माहीत आहे ना? पूर्वीचा खिजरी तलाव. सलीम अलींचा जन्म १८९६ सालचा. आयुष्यभर पक्ष्यांमागे हिंडले, आणि जे पाहिलं ते टिपून ठेवत गेले.

तसं टिपण आता मोबाइलवरही करता येतं. त्यासाठीचं एक ॲप म्हणजे ई-बर्ड. अमेरिकेतली कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ साली हा उपक्रम सुरू केला. आज जगभरातले पक्षीवेडे त्यात नोंदी करतात.

तळ्याकाठी गेलात की यादी सुरू करायची. किती वेळ थांबलात, किती चाललात, हे ॲपच मोजतं. आपण फक्त भरायचं: टिबुकली ४, वारकरी १२, हळदी-कुंकू बदक २. (हे बदक जवळून बघाच! काळ्या चोचीचं टोक पिवळं, आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके.) घाईत १२ ऐवजी १२,००० पडले, तर ॲप लगेच टोकतं. अशी नोंद मग तिथला एखादा जाणकार तपासतो.

यादी संपताना ॲप एक प्रश्न विचारतं, आणि मला तो फार आवडतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हणालात, की जे लिहिलं नाही तेही बोलायला लागतं! समजा, पैठणजवळच्या नाथसागरावरच्या जानेवारीतल्या शंभर पूर्ण याद्या आहेत. त्यांतल्या साठांत थापट्या बदक आहे, आणि मेमधल्या शंभरांत एकातही नाही. मग हा पाहुणा हिवाळ्यातच येतो, हे कुणी न सांगताही कळतं. ई-बर्ड प्रत्येक महिन्याचे चार भाग करतं, म्हणजे वर्षाचे ४८ रकाने. या तक्त्यात थापट्याची पट्टी हिवाळ्याच्या रकान्यांत जाड, उन्हाळ्यात गायब!

आता उलटसुलट शोधा. जागा सांगून पक्षी विचारा, पक्षी सांगून जागा विचारा. सलीम अली सरोवरावर दिसतो पण नाथसागरावर नाही, असा कोणी आहे का? उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न सुचतो: का नाही?

अशाच याद्यांतून दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकत्र पक्षीगणना होते. एका यादीला पंधरा मिनिटं पुरतात, आणि घराची गच्चीही चालते. तुमच्या गल्लीत चिमण्या किती, हे कदाचित आजवर कुणीच लिहिलेलं नसेल.